नव्वद दिवसांनंतर

मनू, तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोन लावावासा वाटला. पण हे फोनवर धड बोलून होणार नाही. मध्येच तुझ्या कुकरची शिट्टी होते, नाहीतर माझी मीटिंग सुरू होते. म्हणून निवांत लिहायला बसले.

नवऱ्याच्या मागे एच-फोर व्हिसावर येऊन चार भिंतींत अडकलेल्या बाईचा जीव कसा गुदमरतो ते मला सांगायला नको. शिकलेली, नोकरी केलेली मुलगी तू, आणि इथे दिवसभर बर्फाकडे बघत बसायचं. अशात तुला इथल्या निर्वासितांसाठी काही करावंसं वाटलं, ह्याचा मला फार आनंद झाला. त्या कामाला आपल्या मिनेसोटातल्या सेंट पॉलसारखं शहर मिळणं कठीण. फक्त जायच्या आधी काही गोष्टी कानावर घालते. मोठ्या बहिणीचा तेवढा हक्क आहे ना?

तू ह्मोंगटाउन मार्केटला जाऊन आलीस आणि मिरच्या, गवती चहा, कारली बघून हरखलीस, असं लिहिलंयस. त्या गाळ्यांवर बसणाऱ्या आज्या कुठून आल्या ते आधी समजून घे. ह्मोंग म्हणजे लाओसच्या डोंगरांतले शेतकरी. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सीआयएने त्यांच्या तरुणांना, पुढेपुढे तर कोवळ्या पोरांनाही, गुपचूप लढायला उभं केलं. १९७५ मध्ये अमेरिका निघून गेली आणि मागे राहिलेल्यांचा छळ सुरू झाला. माणसं जंगलातून लपतछपत मेकाँगपर्यंत आली, रात्री बांबूला धरून नदी ओलांडून थायलंडात पोचली. कितीतरी नदीतच गेली. जी वाचली ती बान विनाईसारख्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं राहिली.

अमेरिकेत आणताना सरकारने त्यांना मुद्दाम पांगवलं. एकाच गावावर भार नको म्हणून एक भाऊ ह्या राज्यात, दुसरा त्या राज्यात. चर्चच्या लोकांनी आपुलकीने घरं दिली, भांडीकुंडी दिली, पण कुळावर जगणाऱ्या माणसांना असं सुटंसुटं करून कसं चालेल? त्यांच्यात अठरा कुळं मानतात. लग्न, भांडण, मयत, सगळं कुळाच्या वडीलधाऱ्यांनी निस्तरायचं. मग लोकांनीच आपापली सोय लावली. जुन्यापान्या गाड्या घेतल्या आणि नातेवाइकांच्या शोधात निघाले. कुणी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला जमले, कुणी मर्सेडला, कुणी इथे सेंट पॉलला. इथली हाडं गोठवणारी थंडी त्यांनी आपल्या माणसांपायी पत्करली. आज हे शहर अमेरिकेतल्या ह्मोंग लोकांचं मोठं ठिकाण आहे ते सरकारी आखणीमुळे झालेलं नाही, हे लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यावरून कळेल.

आता सरकारी पद्धत कशी होती ते ऐक. १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर त्याला नीट घडी बसली. देशभरातल्या काही मोठ्या संस्था, त्यातल्या बऱ्याच चर्चच्या, सरकारशी करार करत. माणूस विमानतळावर उतरला की त्याला घेऊन यायचं, भाड्याचं घर तयार ठेवायचं, त्यात गाद्या, भांडी, थंडीचे कोट. पोचल्या दिवशी त्याच्या खाण्यातलं गरम जेवण तयार पाहिजे, हेसुद्धा करारात लिहिलेलं असे. मग सोशल सिक्युरिटीचा अर्ज, दवाखान्यातली तपासणी, मुलांची शाळा. ह्या पहिल्या मदतीची मुदत साधारण नव्वद दिवसांची. काही भत्ते आणि इंग्रजीचे वर्ग त्यानंतरही मिळत, पण हाताला धरून नेणारा माणूस तिथे थांबे. आणि विमानाचं तिकीटही फुकट नसे, बरं का. ते कर्ज असे. इथे येऊन काही महिने झाले की त्याचे हप्ते सुरू होत.

तूच सांग, नव्वद दिवसांत काय होतं? तू इंग्रजी शिकून आलीस, बँकेचं खातं, गुगलचा नकाशा, सगळं तुला येतं. तरी तीन महिन्यांनी तू मला विजेच्या बिलावरची ही रक्कम कसली, म्हणून विचारत होतीसच की. मग जी बाई छावणीत बांबूच्या घरात, शिधा घेऊन जगली, जिने भाडं हा प्रकारच कधी पाहिला नाही, तिचं काय होत असेल? तिचे खरे प्रश्न चौथ्या महिन्यात सुरू होतात. तेव्हा तिच्यासाठी दार उघडं ठेवणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्या तिच्याच लोकांनी काढलेल्या आहेत. तू तिथेच जावंस असं मला मनापासून वाटतं.

इथल्या ह्मोंग लोकांनी आपली संस्था १९७७ मध्येच काढली. पुढे तिचं नाव लाओ फॅमिली कम्युनिटी ऑफ मिनेसोटा झालं. १९९० मध्ये ह्मोंग अमेरिकन पार्टनरशिप आली. इंग्रजीचे वर्ग, नोकरी मिळवून देणं, कागदपत्रं, म्हाताऱ्यांसाठी बसायची जागा, अशा साध्यासुध्या कामांनी सुरुवात झाली. पण त्यातूनच माणसं उभी राहिली. २००० साली संसदेने एक कायदा केला. लाओसमध्ये अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना आणि त्यांच्या बायकांना नागरिकत्वासाठी इंग्रजीची अट माफ झाली. त्यासाठी ह्मोंग लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. २००२ मध्ये 'मी मुआ' नावाची बाई मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आली. लहानपणी निर्वासित म्हणून आलेली ही मुलगी देशातल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेली पहिली ह्मोंग व्यक्ती ठरली. २००४ मध्ये थायलंडातल्या वाट थाम क्राबोक इथून शेवटचे हजारो ह्मोंग यायचे होते, तेव्हा सेंट पॉलचे महापौर रँडी केली स्वतः शिष्टमंडळ घेऊन तिथे गेले. येणाऱ्यांची सोय काय करायची ते आधी बघून आले. एखाद्या महापौराला असं जावंसं वाटतं, ते त्याच्या शहरात पंचवीस-तीस वर्षं कुणीतरी पाय रोवून उभं असतं म्हणून.

तू जिथे जावंस असं मला वाटतं ती मात्र करेन लोकांची संस्था आहे. करेन म्हणजे ब्रह्मदेशाच्या पूर्व सरहद्दीवरचे. तिथलं त्यांचं युद्ध १९४९ पासूनचं. गावं जाळली गेली, लोक थायलंडात पळाले आणि सरहद्दीवरच्या छावण्यांत राहिले. त्यातली सर्वांत मोठी मे ला. बाहेर जायची परवानगी नव्हती, काम करायचीही नव्हती. तिथेच जन्मलेली मुलं तिथेच आईबाप झाली. अमेरिकेने ह्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांना मोठ्या संख्येने आणायला सुरुवात केली आणि आज देशात सगळ्यात जास्त करेन आपल्या ह्या भागात आहेत. २००८ मध्ये त्यांनी करेन ऑर्गनायझेशन ऑफ मिनेसोटा उभी केली. रोझव्हिलला. तुझ्या घरून लांब नाही.

आता तिथलं काम म्हणजे काय, ते डोळ्यांपुढे यावं म्हणून एक सांगते. अशा संस्थांमध्ये टपाल वाचून देतात. बाई येते, हातात किराण्याची प्लास्टिकची पिशवी. आत महिनाभराची न उघडलेली पाकिटं. समोर बसलेली करेन मुलगी, जी स्वतः छावणीतून आलेली असते, ती सगळी टेबलावर ओतते आणि पत्ते पिसावेत तशी भराभर वेगळी करते. हे गाडी विकणाऱ्याचं, टाकून द्या. हे क्रेडिट कार्डाचं, फाडून टाका. हे दवाखान्याचं, पण बिल नाही, विम्याने किती भरलं त्याचा हिशेब आहे, घाबरू नका. आणि मग एक साधं पांढरं पाकीट. दिसायला सगळ्यांत बिनमहत्त्वाचं. काउंटीचं. वैद्यकीय मदत चालू ठेवायची असेल तर फॉर्म अमुक तारखेपर्यंत परत पाठवा. तारीख परवाची. बाईला पाचसहा मुलं, धाकट्याला दम्याचा त्रास. ती मुलगी लगेच फोन उचलते, तिकडची रेकॉर्ड वाजत राहते, तोवर ती बाईला फॉर्म भरून देते, सही कुठे करायची ते बोटाने दाखवते. बाई सही करते, अक्षर अक्षर जोडत. मग कागदाचा फोटो, मग फॅक्स, मग फॅक्स पोचल्याची पावती त्याच पिशवीत. तेवढ्यात दारात दुसरी पिशवी.

एवढं एक पाकीट राहिलं असतं तर त्या लेकराचं औषध थांबलं असतं. अशी कामं फोटोत येत नाहीत, अहवालात एका ओळीत संपतात. पण मला विचारशील तर निर्वासितांचं पुनर्वसन म्हणजे मुख्यतः हे. आणि इथे इंग्रजी येणं पुरत नाही. त्या बाईला भीती कशाची वाटते, लाज कशाची, ती 'हो' म्हणाली तरी तिला कळलेलं नाही हे ओळखणारं माणूस लागतं. म्हणून म्हणते, खुर्चीवर ती मुलगीच बसली पाहिजे. तू तिच्या शेजारी बस. फोनवर तासन्‌तास थांबणं, फोटो काढून फाइल लावणं, गाडीतून नेणं-आणणं, ही कामं माग. तिचा वेळ वाचला की आणखी दोन पिशव्या उघडतात.

नावांचं तुला पहिल्याच दिवशी जाणवेल. करेन लोकांत आडनाव नसतं. बाईच्या नावाआधी 'नॉ' आणि पुरुषाच्या नावाआधी 'सॉ' लावतात, आपण श्रीमती-श्रीयुत लावतो तसं. इकडच्या फॉर्मात पहिलं नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. त्यामुळे कागदोपत्री कित्येक बायकांचं पहिलं नाव नॉ झालंय आणि नवरा, बायको, मुलं ह्यांची आडनावं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात जन्मतारीख बऱ्याच जणांची १ जानेवारी, कारण नेमकी ठाऊक नव्हती आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही. दवाखान्यात दोन बायकांची फाइल सरमिसळ व्हायला एवढं पुरे. तू यादी करशील तेव्हा पूर्ण नाव लिही, कागदावर आहे तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. आणि हाक कशी मारायची ते त्यांनाच विचार.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. मुलांना दुभाषी करू नकोस, कुणी करत असेल तर अडव. दहा वर्षांची पोर शाळेत इंग्रजी शिकते आणि घरातली सगळी कागदपत्रं तिच्या गळ्यात पडतात. आईच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते त्या पोरीने आईला सांगायचं? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाषी द्यावाच लागतो, विनामूल्य, आणि तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांकडून ते काम करून घ्यायची मनाई आहे. पण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तू बरोबर असशील तर शांतपणे मागायचं, 'स्गॉ करेन बोलणारा दुभाषी हवा' असं भाषेचं नाव घेऊन. करेनमध्येही भाषा वेगळ्या आहेत आणि ब्रह्मी दुभाषी आणून बसवला तर काही जणांना ती भाषा येत नाही. काहींना येते, पण त्या भाषेत बोलणाऱ्या सैनिकांनीच त्यांची गावं जाळलेली असतात.

म्हणूनच कुणाला 'तुम्ही कसे पळून आलात?' असं विचारायचं नाही. मला माहितेय, तुझ्या मनात आपुलकीच असेल. पण ती गोष्ट त्यांनी मुलाखतींमध्ये, अधिकाऱ्यांपुढे, पुन्हा पुन्हा सांगितलेली आहे, तारखा चुकल्या तर अर्ज फेटाळला जाईल ह्या धास्तीने सांगितलेली आहे. त्यांना वाटलं तर वर्षभराने भाजी निवडता निवडता आपसूक निघेल. तोवर तुला वाचायचं असेल तर काओ कालिया यांग हिचं 'द लेटहोमकमर' वाच. ती बान विनाईत जन्मली, ह्याच शहरात वाढली, आणि लहानपणी शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. लायब्ररीत सहज मिळेल.

तुझ्या हातात खरं कौशल्य आहे ते शिकवण्याचं, म्हणून नागरिकत्वाच्या वर्गाला मदत कर. निर्वासिताला वर्षाने ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. त्यातली नागरिकशास्त्राची परीक्षा तोंडी असते आणि आता अवघड झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज करतात त्यांना १२८ प्रश्नांची तयारी करावी लागते, त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. साठीच्या बाईला, जिला सही करायला इथे येऊन शिकावं लागलं, तिला 'संघराज्य' आणि 'दुरुस्ती' हे इंग्रजीतून घोकायचं असतं. तिथे घाई कामाची नाही. प्रश्न मोठ्याने वाच, तिला म्हणू दे, परत वाच. रात्रपाळी करून आलेला माणूस वर्गात पेंगला तर उठवू नकोस. पोर्कच्या किंवा टर्कीच्या कारखान्यात बोटं गोठेपर्यंत उभं राहून तो आलेला असतो.

जेवायला बसवलं तर बस. चप्पल बाहेर काढ, हे तुला सांगायला नकोच. माशांची आंबवलेली चटणी असते, वास उग्र. आपल्याकडच्या सुकटीच्या घरात वाढलेल्या तुला त्याचं काही वाटणार नाही. आणि उन्हाळ्यात त्यांच्या मळ्यात नक्की जा. लाल देठांची झुडपं दिसतील, पान तोडून चावून बघ. अगं, अंबाडी! मिनेसोटाच्या जेमतेम चार महिन्यांच्या उन्हाळ्यात ह्या बायका अंबाडी काढतात आणि आमटीसारखं आंबट कालवण करतात. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा आईची भाकरी तेवढी हवी होती. ह्मोंग शेतकऱ्यांनी तर २०११ मध्ये आपली संघटना केली आणि पुढे इथून दक्षिणेला १५५ एकरांचा मळा मिळवला. आधी जमीन वर्षावर्षाच्या बोलीवर मिळायची, कसून सुपीक केली की मालक काढून घ्यायचा. आता शेतकऱ्यांच्या बाजारात जी ताजी भाजी आपण घेतो त्यातली कितीतरी त्यांच्या हातची असते.

आता थोडं कटू. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना आणायचा कार्यक्रमच थांबवला गेला. त्यानंतर २०२६ च्या सरकारी वर्षासाठी फक्त ७५०० माणसांची मर्यादा ठरली आणि जून २०२५ च्या प्रवासबंदीत ब्रह्मदेशाचंही नाव आलं. तिकिटं हातात असलेली माणसं छावणीतच राहिली. अर्धं घर इथे, अर्धं तिथे, अशी कुटुंबं तुला भेटतील. देशभर पुनर्वसन संस्थांनी माणसं कमी केली. म्हणजे जे इथे आधीच आलेत त्यांच्या पिशव्या उघडायलाही हात कमी पडतायत. लोक घाबरलेले आहेत. कागदपत्रांबद्दल तुला कुणी विचारलं तर अंदाजाने उत्तर देऊ नकोस, अगदी साधा प्रश्न वाटला तरीही. संस्थेतल्या माणसाला सांग, ते वकिलाकडे पाठवतील. तुझ्या चांगल्या मनाने दिलेलं चुकीचं उत्तर त्यांना फार महागात पडेल. आणि कुणाचाही फोटो काढून कुठेही टाकायचा नाही.

तुझ्या स्वतःच्या कागदांचंही बघ. एच-फोरवर सेवाभावी संस्थेत विनामोबदला काम करता येतं, पण ज्या जागेवर एरवी पगारी माणूस ठेवतात ते काम फुकट करणं अडचणीत आणू शकतं. म्हणून तुझं काम नेमकं काय, ते त्यांच्याकडून लिहून घे. तुझी पार्श्वभूमीही ते तपासतील, त्याचा राग मानू नकोस. मुलंबाळं, म्हातारीकोतारी येतात तिथे, तपासलंच पाहिजे.

आपल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगणार आहेस ना? जरूर सांग. फक्त दिवाळीनंतर कपाटं रिकामी करून जुने कपडे नेऊन टाकायचे, असं होऊ देऊ नकोस. ते निवडायला त्यांचीच माणसं अडकतात. काय हवंय ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं बसचे पास, डायपर, किंवा सरळ पैसे, ज्यातून विजेचं बिल भरता येईल आणि त्या टपाल वाचणाऱ्या मुलीचा पगारही. तिच्या पगाराला कुणी देणगी देत नाही गं. आपल्या मंडळाने तेवढं केलं तर मला अभिमान वाटेल.

आणि एकदा 'येते' म्हणालीस की जा. थंडी उणे वीस झाली तरी जा, कारण ती बाई बसने, कडेवर मूल घेऊन आलेली असते. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळव. भारतात जायचं ठरलं तर दोन महिने आधी सांग. त्यांच्या आयुष्यात येऊन गेलेली, भरभरून बोलून नाहीशी झालेली माणसं पुष्कळ आहेत.

सकाळचा वर्ग जमेल की संध्याकाळचा, ते घरी नवऱ्याशी बोलून ठरव. अर्ज भरताना काही अडलं तर मला विचार. पहिल्या दिवशी मी येते तुझ्याबरोबर, गाडी मी काढते. पायात चांगले बूट घाल, तिथल्या पार्किंगमध्ये बर्फ नीट काढलेला नसतो.

तुझी,
ताई